आर्णी ते पुणे-मुंबई-दिल्ली विमानानं: हवाई अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घरापासून दारापर्यंतचा हिशेब

तिकिटावर 'नागपूर–पुणे, १ तास ३० मिनिटं' असं छापलेलं असतं. ते खोटं नसतं, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी, घाटंजी, दिग्रस, महागाव या बाजूच्या माणसाच्या ते फारसं कामाचं नाही. आपलं विमान उडतं नागपूरच्या सोनेगावातून, आणि तिथं पोचायलाच आर्णीहून जवळपास १९० किलोमीटर जावं लागतं. माझ्या ऑनलाइन कामांच्या दुकानात तिकीट काढायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "भाऊ, किती वाजता पोचन मी?" याचं उत्तर कोणत्याही तिकिटावर मिळत नाही. ते मांडूनच काढावं लागतं. कागद-पेन घेऊन बसलात तर दहा मिनिटांचं काम आहे.

पहिलं काम: हवाई अंतर

हवाई अंतर म्हणजे दोन विमानतळांमधलं जमिनीवरचं सरळ अंतर. मोबाइलवर काढायचं तर नकाशाच्या ॲपमध्ये सोनेगाव विमानतळावर बोट दाबून धरा. लाल खूण उमटली की खालची पट्टी वर ओढा आणि अंतर मोजण्याचा पर्याय निवडा. मग नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळापर्यंत न्या, आकडा खाली दिसतो. मोजणी विमानतळ ते विमानतळ करा, शहर ते शहर नको. बऱ्याच वेबसाइट शहराच्या मध्यापासून मोजतात, म्हणून तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात. त्यात कुणी मैल लिहितं, कुणी नॉटिकल मैल. नागपूर–मुंबईचे सुमारे ६८० किलोमीटर म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास मैल आणि साधारण ३७० नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा असतो.

नेट नसेल तरी अडत नाही. शाळेत शिकलेले अक्षांश-रेखांश इथं उपयोगी पडतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सगळीकडे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश उत्तरेकडे जाऊ तसा आकसत जातो: आपल्या पट्ट्यात तो साधारण १०४ किलोमीटर, दिल्लीच्या वाटेवर १०१ आणि बंगळुरूच्या वाटेवर १०६ धरा. आता नागपूर–मुंबई करून पाहू.

सोनेगाव: अक्षांश २१.०९, रेखांश ७९.०५. मुंबई विमानतळ: अक्षांश १९.०९, रेखांश ७२.८७. अक्षांशांतला फरक २ अंश, म्हणजे २२२ किलोमीटर. रेखांशांतला फरक ६.१८ अंश, त्याला १०४ नं गुणलं की ६४३ किलोमीटर. २२२ चा वर्ग ४९,२८४ आणि ६४३ चा वर्ग ४,१३,४४९. बेरीज ४,६२,७३३. त्याचं वर्गमूळ ६८०. पायथागोरसनं काम भागलं. हीच रीत आखातापर्यंतही बऱ्यापैकी चालते. अमेरिका-युरोपला लावू नका, तिथं पृथ्वीचा गोलावा हिशेब बिघडवतो.

सोनेगावहून नेहमी विचारली जाणारी अंतरं अशी:

- हैदराबाद: सुमारे ४३५ किमी
- पुणे: सुमारे ६०५ किमी
- मुंबई: सुमारे ६८० किमी
- दिल्ली: सुमारे ८५५ किमी
- बंगळुरू: सुमारे ८९० किमी
- शारजा: सुमारे २,४५० किमी
- दोहा: सुमारे २,८४० किमी

तुलनेला एक आकडा सांगतो. रेल्वेनं नागपूर ते मुंबई सीएसएमटी ८३७ किलोमीटर आहे. भुसावळ-मनमाडचा वळसा आणि घाट यांतच हा दीडशेचा फरक जातो.

दुसरं काम: अंतरावरून उड्डाणाचा वेळ

जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटरनं चालतं. पण अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जमिनीवर सरकण्यात, चढण्यात, उतरण्यात आणि वळणं घेण्यात जातो. म्हणून ढोबळ सूत्र असं: किलोमीटरला ८०० नं भागा, ६० नं गुणा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा.

मुंबईसाठी ६८० चे ५१ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे दीड तास. पुण्याला ४५ अधिक ४०, म्हणजे १ तास २५ मिनिटं. दिल्लीला पावणेदोन तासांच्या आसपास आणि बंगळुरूलाही जवळपास तेवढेच. गंमत बघा: नागपूरहून दिल्ली पुण्यापेक्षा अडीचशे किलोमीटर लांब, आणि विमानात बसायचा वेळ फक्त वीस मिनिटं जास्त. म्हणून नुसत्या अंतराच्या पटीत विमानाचा वेळ ठरवायला जाऊ नये.

पंख्याचं विमान असेल तर हिशेब वेगळा. एटीआर ७२ जातीची ७०-७२ आसनांची विमानं ताशी ५०० च्या आतबाहेर चालतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली ती असल्याच विमानानं. बेलोरा–मुंबई अंतर सुमारे ५४० किलोमीटर, म्हणजे नागपूरपेक्षा १४० नं कमी. तरीही ५४० ला ४८० नं भागून अर्धा तास मिळवला की १ तास ४० मिनिटांच्या आसपास येतं. अंतर कमी आणि वेळ जास्त दिसला की समजायचं, विमान पंख्याचं आहे.

तिकिटावरचा सुटण्याचा वेळ म्हणजे विमान उभ्या जागेवरून हलण्याचा आणि पोचण्याचा वेळ म्हणजे तिकडे जाऊन जागेवर थांबण्याचा. त्यात कंपन्या थोडी राखीव मिनिटंही घालून ठेवतात. म्हणून कधीकधी उशिरा सुटलेलं विमानही वेळेवर पोचतं.

जाताना आणि येताना वेळ सारखा का नसतो, हा प्रश्न हुशार पोरं विचारतात. हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, त्यामुळे मुंबईहून नागपूरला येताना विमानाला मागून रेटा मिळतो आणि जाताना तोच तोंडावर येतो. शिवाय धावपट्टीची दिशा. सोनेगावची धावपट्टी आग्नेय–वायव्य आहे. आग्नेयेकडे उडालेल्या विमानाला मुंबईसाठी पूर्ण वळून यावं लागतं. आणि मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. गर्दीत विमान वरच घिरट्या घालतं. ती पंधरा-वीस मिनिटं कुठल्याच सूत्रात बसत नाहीत, मनात धरून ठेवायची.

तिसरं काम: उलटा हिशेब

खरा वेळ इथंच कळतो. विमान सुटण्याच्या वेळेपासून मागं मागं यायचं.

समजा सकाळी ११ वाजताचं नागपूर–पुणे विमान आहे आणि आर्णीची काकू हिंजवडीला लेकाकडे निघाली आहे. गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे १०:३५. सामान घेणारं काउंटर बहुतेक कंपन्या ६० मिनिटं आधी बंद करतात, म्हणजे १०:००. काउंटरची रांग, बॅगेचं वजन, आधार कार्ड शोधणं हे धरून विमानतळाच्या दारात ९ वाजता असायला हवं. आर्णीहून यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा करत स्पेशल (भाड्याच्या) गाडीनं साडेतीन ते चार तास. चार धरा. पहाटेचे ५ झाले. त्यात एक तास राखीव. बुटीबोरीपासून पुढं वर्धा रोडवर ट्रकांची गर्दी असते, कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे निघालेल्या गाड्या असतात, पावसाळ्यात एखाद्या नाल्याच्या पुलावरून पाणी असतं. म्हणजे घरून निघायचं पहाटे ४ ला.

आता पुढचा हिशेब. १२:३० ला लोहगाव, म्हणजे पुण्याचं विमानतळ. बॅग यायला अर्धा तास. लोहगाव ते हिंजवडी म्हणजे पुणं आडवं पार करणं, दीड तास. दुपारी २:३० ला लेकाच्या दारात. पहाटे ४ ते दुपारी २:३०, साडेदहा तास.

रात्रीची ट्रॅव्हल्स आर्णीहून पुण्याला साधारण बारा तास घेते. रात्री झोपेत निघायचं आणि सकाळी पोचायचं. विमानानं वाचले दीड तास. त्यासाठी तिकीट, नागपूरपर्यंतच्या गाडीचं भाडं, आणि रात्रीच्या झोपेचं खोबरं वेगळंच. माझं मत स्पष्ट आहे: दारव्हा-आर्णी-दिग्रसच्या खाली राहणाऱ्या धडधाकट माणसानं पुण्यासाठी विमानाच्या मागं लागू नये. कंबरदुखीचा माणूस, पेशंट किंवा लहान लेकरू सोबत असेल तर गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी दीड तास बसणं आणि बारा तास बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हाच हिशेब वर्ध्याच्या माणसाचा मांडा. वर्धा ते सोनेगाव सव्वा-दीड तास. राखीव अर्धा तास पुरतो. त्याचे घरापासून हिंजवडीपर्यंत साडेसात तासच होतात. त्याला विमान खरंच परवडतं. आणि दिल्ली-बंगळुरूचं म्हणाल तर आर्णीवाल्यानंही विमानच बघावं. नागपूरपर्यंतचे चार तास रेल्वेनं गेलं तरी मोजावेच लागतात, वरून गाडीतली अख्खी रात्र आणि अर्धा-पाऊण दिवस.

नागपूरच कशाला, आधी नकाशा बघा

विदर्भ म्हटलं की सगळे डोळे झाकून नागपूर टाकतात. तसं करू नका. आर्णीहून बेलोरा यवतमाळ-नेर मार्गे नागपूरपेक्षा बरंच जवळ आहे. मुंबईलाच जायचं असेल तर आधी तिथलं बघा, पण विमान रोज असेलच असं नाही. तारीख बदलून बदलून पाहा. आणि ते एकच विमान रद्द झालं तर त्या दिवशी दुसरा इलाज नाही, हेही लक्षात ठेवा.

उमरखेड-पुसदकडच्यांनी नांदेड तपासावं. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाच्या माणसाला जालन्यावरून छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा सोपं पडतं, मलकापूरकडच्याला जळगाव. सिरोंच्याच्या माणसानं तर नागपूरचा विचारच करू नये. गोदावरीवरच्या पुलानं कालेश्वरमला उतरलं की हैदराबादची वाट धरता येते. गोंदिया जिल्ह्यात बिरसी विमानतळ आहे, आणि देवरीकडच्यांना रायपूरही चालतं. अकोल्याचं शिवणी आणि यवतमाळचं विमानतळ नकाशावर दिसतं म्हणून तिथून तिकीट शोधत बसू नका, तिथून नियमित प्रवासी विमानं नाहीत.

वाशीम-बुलढाण्यातून नागपूरला येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग मोठीच सोय आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० आहे, पण हिशेब करताना सरासरी ९० च धरा. दुचाकी आणि ऑटोला त्यावर बंदी आहे. मित्राच्या मोटारसायकलवर बॅग बांधून निघायचा बेत असेल तर जुना रस्ताच धरावा लागतो आणि वेळ वाढतो.

रेल्वेनं येणारा वर्ध्याकडचा माणूस मुख्य नागपूर स्टेशनपर्यंत न जाता, गाडी थांबत असेल तर अजनीला उतरू शकतो. अजनीकडून विमानतळ जवळ पडतं. मेट्रोच्या नारिंगी मार्गावर 'एअरपोर्ट' नावाचं स्टेशन आहे, पण ते वर्धा रोडवर. तिथून टर्मिनलपर्यंतचं अंतर बॅगा घेऊन चालण्यासारखं नाही, ऑटोची पंधरा-वीस मिनिटं धरा.

तिकिटावरचे तीन सापळे

पहिला, तारीख. '१५ तारीख, ००:४०' असं लिहिलं असेल तर ती १४ तारखेची रात्र असते. आर्णीहून १४ तारखेला संध्याकाळी ५-६ लाच निघायला लागतं. १५ ला जेवण करून निघणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझ्याशी भांडतो.

दुसरा, कोणती मुंबई? २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. तिकिटावर जुन्या मुंबईचा कोड बीओएम असतो, नवी मुंबईचा एनएमआय. टाटा हॉस्पिटलसाठी परळला जाणाऱ्यांनी हे खास बघावं. नवी मुंबईहून अटल सेतूनं शिवडीला उतरून परळ गाठता येतं, पण टोलसकट टॅक्सीचा खर्च वाढतो. अंधेरी-बोरिवलीला जायचं असेल तर जुनंच बरं. त्यातही टर्मिनल एक की दोन ते वाचा. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर टॅक्सी करून जावं लागतं.

पेशंट असेल तर बुकिंग करतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. रांगेतला वेळ वाचतो आणि माणसाची दमछाक होत नाही.

तिसरा सापळा जोडविमानाचा. नागपूर–मुंबई–कोची असं एकाच पीएनआरवर असेल तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची व्यवस्था कंपनी बघते. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडली असतील तर दुसरं विमान चुकलं की पैसे गेले. दोन वेगळ्या तिकिटांमध्ये मी किमान चार तास ठेवायला सांगतो. ऐकतात अर्धेच लोक.

आखातात जाणाऱ्यांसाठी

नागपूरहून शारजा आणि दोह्याला थेट विमानं आहेत. इथं घड्याळ फसवतं. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं, शारजाची चार तास, दोह्याची तीन तास. तिकिटावर दोन्हीकडच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. पहाटे ४ ला सुटून शारजाला ६:१५ ला पोचतं असं दिसलं की माणूस म्हणतो, सव्वादोन तासांत दुबई! शारजाचं घड्याळ आपल्या दीड तास मागं आहे, तेवढं मिळवा. खरा वेळ पावणेचार तास. सूत्रानं ताडून बघा: २,४५० भागिले ८०० म्हणजे तीन तास पाच मिनिटं, अधिक ४०. बरोबर बसतं. येताना उलटं होतं, प्रवास आहे त्याहून दीड तास मोठा दिसतो. परदेशी विमानासाठी विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, इमिग्रेशनची रांग वेगळी असते.

तपासणीत वेळ कुठं जातो

बंडीच्या खिशातला अडकित्ता. सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये चंची, चुन्याची डबी, चिल्लर आणि अडकित्ता पडला की मागची रांग थांबते. धारेची लोखंडी वस्तू हातातल्या सामानात चालत नाही, आजोबांचा असला तरी तो तिथंच ठेवावा लागतो. लायटर-काडेपेटीचंही तेच. आंब्याचं लोणचं, तुपाचा डबा, भिवापुरी मिरचीचं तिखट हे सगळं काउंटरवर द्यायच्या बॅगेत घाला, बरणीचं तोंड चिकटपट्टीनं बांधून. पॉवर बँक मात्र उलट: ती हातातच ठेवायची, काउंटरच्या बॅगेत सापडली तर नाव पुकारून बोलावतात आणि बॅग उघडायला लावतात. देशांतर्गत तिकिटावर बहुधा १५ किलोची बॅग आणि हातात ७ किलो असं असतं. तूरडाळीचं पोतं घरीच वजन करा.

निघण्याआधी आणि उशीर झाल्यावर

घरून निघायच्या आधी कंपनीच्या ॲपवर विमानाची स्थिती बघा. विमानं दाखवणाऱ्या ॲपमध्ये आपल्यासाठी येणारं विमान आधीच्या शहरातून सुटलं का तेही दिसतं. ते उशिरा निघालं असेल तर आपलंही उशिरा सुटणार, मग ॲप काहीही सांगो. सकाळचं पहिलं विमान बहुधा रात्रभर नागपूरलाच उभं असतं, म्हणून ते सहसा वेळेवर सुटतं. पण सहाच्या विमानासाठी आर्णीहून रात्री ११ ला निघावं लागतं. नागपुरात नातेवाईक असतील तर आदल्या संध्याकाळी जा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीची सकाळ धुक्यात असते, त्या दिवसांत दुपारचं विमान घ्या.

उशीर झालाच तर हक्क माहीत असू द्या. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशाला खाणं-पाणी द्यावं लागतं. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक मागता येतं. काउंटरवर शांतपणे मागा, आणि उशिराचा मेसेज मोबाइलमध्ये जपून ठेवा.

येतानाचा हिशेब

जातानाचा हिशेब सगळे करतात, येतानाचा कुणी करत नाही. रात्री साडेनऊ-दहाला सोनेगावला उतरणारं विमान बरेचदा स्वस्त असतं. बॅग घेऊन बाहेर पडेपर्यंत साडेदहा. गणेशपेठ बसस्टँडवर पोचायला अर्धा तास. तिथून यवतमाळची गाडी मिळाली तरी यवतमाळात उतराल पहाटे, आणि आर्णीची पहिली एसटी सकाळीच. विमानात वाचवलेले हजार-दीड हजार स्पेशल गाडीत जातात, नाहीतर रात्र बाकड्यावर. संध्याकाळी ४ च्या आत उतरणारं विमान शोधा. दोनशे-चारशे महाग असलं तरी ८-९ पर्यंत घरी येऊन जेवता येतं. तसं विमान नसेलच तर तिकीट काढतानाच गाडीवाल्याशी बोलून ठेवा आणि त्याला उतरण्याच्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिराची वेळ सांगा. विमानतळाच्या आवारात गाडी थांबवण्याचे पैसे लागतात, तो बाहेर थांबेल आणि तुम्ही बॅग हातात आल्यावर फोन कराल, हे आधीच ठरवून घ्या.